बॉल जॉइंट, मोटारगाडीचा

बॉल जॉइंट : मोटारगाडीच्या पुढील चाकाचा आस धरणारा भाग म्हणजे नकल आणि गाडीच्या सांगाड्याला बिजागरीप्रमाणे जोडलेले बाहू म्हणजे आर्म, यांना एकमेकांशी जोडणारा गोलकरूप सांधा. मानवी शरीरातील खांद्याच्या व खुब्याच्या उखळीच्या सांध्याशी त्याचे साम्य आहे. या सांध्यामुळे रस्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे चाक खाली-वर होऊ शकते आणि त्याच वेळी सुकाणू-चक्राच्या आज्ञेनुसार डावी-उजवीकडे वळूही शकते. सुकाणूच्या दांड्यांच्या टोकांनाही याच जातीचे लहान सांधे असतात. तथापि त्यांच्यावर गाडीचे वजन येत नाही. प्रस्तुत नोंदीत निलंबन-यंत्रणेतील, म्हणजे सस्पेन्शनमधील, बॉल जॉइंटचा विचार केला असून तो मुख्यतः जुन्या पिकअप गाड्यांच्या संदर्भात आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत द्राक्षे, हळद, स्ट्रॉबेरी, भाजीपाला व दूध यांच्या वाहतुकीसाठी अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. त्यांतील अनेक गाड्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती असल्याने या सांध्याची परीक्षा, निवड व निगा यांना तेथे विशेष महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : बॉल जॉइंट प्रचारात येण्यापूर्वी पुढील चाक किंग पिन नावाच्या जाड पोलादी खिळीभोवती वळत असे. ही खिळी अखंड आसाच्या टोकाला बसविलेली असून तिच्याभोवती कांस्याचे किंवा तत्सम धातूचे बुश असत. अमेरिकेत १९५२ साली लिंकन व १९५४ साली फोर्ड या प्रवासी गाड्यांत किंग पिनऐवजी बॉल जॉइंट वापरण्यात आले. १९६० साली शेव्हरोले पिकअप गाड्यांना स्वतंत्र पुढील निलंबन मिळाले आणि त्याबरोबर मालवाहू गाड्यांतही हे सांधे रूढ होऊ लागले. भारतात १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने विलीस जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या वंशातील गाड्यांना पाट्यांवर, म्हणजे पानांच्या स्प्रिंगांवर, बसविलेला अखंड पुढील आस होता. स्वतंत्र पुढील निलंबन असलेल्या पिकअप गाड्या भारतीय रस्त्यांवर त्यानंतर बऱ्याच काळाने सर्रास दिसू लागल्या. टाटा झेनॉन, महिंद्र स्कॉर्पिओ गेटअवे व इसुझू डी-मॅक्स ही त्यांची परिचित उदाहरणे होत. याउलट २००५ साली आलेल्या टाटा एस या लहान मालवाहू गाडीत पाट्यांवरील अखंड आसच ठेवलेला होता.

या स्थित्यंतराचा परिणाम दुरुस्तीच्या पद्धतीवर झाला. कृष्णाकाठच्या प्रदेशात यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसविलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, तर कूपर यांचा कारखाना असलेले सातारा रोड हे गाव सातारा जिल्ह्यात आहे. लेथवर बुश कातणे, रीमरने भोक साफ करणे, झिजलेली खिळी बदलून आस पुन्हा घट्ट करणे ही कामे या भागातील तालुक्याच्या गावीही होऊ शकतात. किंग पिन अशा दुरुस्तीस योग्य आहे. बॉल जॉइंट मात्र नाही. त्याचा गोल कठीण केलेला व घासून गुळगुळीत केलेला असतो आणि त्याची वाटी कारखान्यात ठराविक दाबाने बंद केलेली असते. ती उघडून आत पत्रा वा रबर घालणे, कड ठोकून आवळणे किंवा बाहेरून वितळजोड देणे यांमुळे ढिलेपणा काही काळ लपतो. परंतु सांध्याचे बळ परत येत नाही. झिजलेला बॉल जॉइंट दुरुस्त करावयाचा नसून बदलावयाचा असतो, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

रचना : सांध्याचे मुख्य भाग चार आहेत : गोल व त्याला जोडून असलेली दांडी म्हणजे स्टड, गोल जिच्यात फिरतो ती वाटी, वाटीतील अस्तर आणि तोंडावरील रबरी टोपी म्हणजे बूट. दांडी व गोल मिश्र पोलादाच्या एकाच घडीव तुकड्यापासून बनवितात. दांडीचा वरचा भाग निमुळता असून तो नकलच्या किंवा बाहूच्या तितक्याच निमुळत्या भोकात घट्ट बसतो. दांडीच्या टोकाला आटे असतात व त्यांवर खाचा असलेला कॅसल नट बसवून आरपार स्प्लिट पिन घालतात. काही गाड्यांत स्वतः आवळून राहणारा नट वापरतात. वाटीतील अस्तर धातूचे किंवा कठीण प्लॅस्टिकचे असते. धातूच्या अस्तराच्या सांध्याला वंगणासाठी बहुधा ग्रीस निपल असते. प्लॅस्टिकच्या अस्तराचे बरेच सांधे कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद केलेले असतात. अस्तर गोलावर सतत किंचित दाबलेले राहील अशी योजना केलेली असते. त्यामुळे नवा सांधा हाताने हलविताना जड लागतो. रबरी टोपी हा सर्वांत स्वस्त भाग असला, तरी सांध्याचे आयुष्य तिच्यावरच अवलंबून असते.

भारवाही व अनुगामी सांधे : दुहेरी बाहूंच्या निलंबनात प्रत्येक चाकाला वरचा व खालचा असे दोन बॉल जॉइंट असतात. त्यांपैकी एकच गाडीचे वजन वाहतो. स्प्रिंग किंवा पीळदांडी म्हणजे टॉर्शन बार खालच्या बाहूवर कार्य करीत असेल, तर खालचा सांधा भारवाही असतो व वरचा केवळ चाकाची जागा राखतो. स्प्रिंग वरच्या बाहूवर टेकलेली असेल, तर याच्या उलट स्थिती असते. मॅक्फर्सन पद्धतीच्या निलंबनात वजन वरील आधारावर येत असल्याने खालचा एकमेव बॉल जॉइंट अनुगामी असतो. भारवाही सांधा सामान्यतः आधी झिजतो. कोणता सांधा भारवाही आहे हे समजल्याशिवाय त्याची परीक्षा योग्य रीतीने करता येत नाही.

भारवाही सांध्यांचेही दोन प्रकार आहेत. पहिल्यात गाडीचे वजन गोलाला वाटीच्या बंद तळाकडे दाबते. असा सांधा झिजला, तरी वजनाखाली तो एकत्र राहण्याकडे कल असतो. दुसऱ्यात वजन गोलाला वाटीच्या उघड्या तोंडाकडे ओढते. त्यात झीज जितकी वाढेल तितका गोल वाटीतून निसटण्याचा संभव वाढतो. ओढीच्या प्रकारच्या सांध्यात थोडाही ढिलेपणा दुर्लक्षू नये. नव्या गाड्यांतही या भागाच्या निर्मितीत हयगय चालत नाही. टोयोटा कंपनीने २००५ साली अमेरिकेतील आपल्या काही पिकअप व तत्सम गाड्या पुढील बॉल जॉइंटमधील दोषामुळे तपासणीसाठी परत बोलाविल्या होत्या.

झिजेची कारणे : झिजेस भार, धक्के, धूळ व पाणी ही चार कारणे प्रामुख्याने जबाबदार असतात आणि या दोन जिल्ह्यांत ती सर्व एकत्र आढळतात. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, उलट पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या भागांत तो सु. ५० सेंमी. किंवा त्याच्या आसपास असतो. त्यामुळे वाई, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात वापरलेल्या गाडीच्या सांध्यात फाटलेल्या टोपीतून पाणी शिरून गोल गंजतो, तर पूर्वेकडील गाडीत बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून तिची घासलेप तयार होते. गंजलेला गोल अस्तर खरवडतो व धूळ दोहोंना झिजविते. शेवट एकच होतो. टोपी शाबूत असेल, तर दोन्ही कारणे बऱ्याच अंशी टळतात. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ सालच्या पुरांप्रमाणे गाडी पाण्यात उभी राहिल्यास टोपीच्या कडेतूनही पाणी आत जाऊ शकते.

पसरणीचा घाट, खंबाटकीचा घाट, आंबेनळीचा घाट व कराड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाट यांच्या उतारांवर वारंवार ब्रेक लावावा लागतो. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे सरकते व खालच्या सांध्यावर आडवा जोरही येतो. भरलेल्या गाडीचे चाक अशा वेळी खड्ड्यात आदळल्यास त्या क्षणी सांध्यावर येणारे बल उभ्या गाडीच्या भारापेक्षा कितीतरी अधिक असते. उसाच्या फडातील किंवा द्राक्षबागेतील चाकोरीत चाक पूर्ण वळवून गाडी फिरविणे, मूळ मापापेक्षा रुंद टायर बसविणे आणि पीळदांडी आवळून गाडीचा पुढचा भाग वाजवीपेक्षा उंच करणे यांमुळेही झीज वाढते. शेवटच्या कारणाने सांधा सतत कललेल्या स्थितीत राहतो व टोपी एका बाजूला ताणली जाते.

लक्षणे : खड्ड्यातून जाताना पुढून खट्‌खट् असा आवाज येणे, उभ्या गाडीत सुकाणू-चक्र फिरविताना करकर होणे, वळणानंतर चक्र आपोआप सरळ न होणे, सरळ रस्त्यावर गाडी भटकणे आणि टायरची आतली किंवा बाहेरची कड लवकर झिजणे ही प्रमुख लक्षणे होत. यांतील बरीचशी लक्षणे चाकाचे बेअरिंग, सुकाणूच्या दांड्यांची टोके किंवा बाहूंचे रबरी बुश झिजल्यानेही दिसतात. म्हणून केवळ आवाजावरून निर्णय करू नये. याउलट झिजलेला सांधा ग्रीसने भरलेला असल्यास काही काळ मुळीच आवाज करीत नाही. सांधा सुटल्यास नकल बाहूपासून वेगळी होते, चाक आडवे पडते, गाडीचा तो कोपरा रस्त्यावर टेकतो व सुकाणूचा ताबा जातो. ब्रेकची नळीही तुटू शकते. घाटात किंवा महामार्गावर असे घडल्यास चालकाच्या कौशल्यास फारसा वाव उरत नाही.

परीक्षा : प्रथम गाडीखाली पाहून ती अखंड आसाची आहे की स्वतंत्र निलंबनाची, हे ठरवावे, एकाच नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत हा फरक असू शकतो. परीक्षेसाठी गाडी सपाट व टणक जागी उभी करून मागील चाकांना दगड किंवा पाचर लावावी. वर उचललेली गाडी केवळ जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवावी.

स्प्रिंग वा पीळदांडी खालच्या बाहूवर असल्यास जॅक खालच्या बाहूखाली, सांध्याच्या शक्य तितका जवळ लावून चाक जमिनीपासून थोडे उचलावे. त्यामुळे स्प्रिंगचा दाब जॅकवर येतो व सांधा मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचकावे व दुसऱ्या माणसाने सांध्याच्या वाटीकडे पाहावे किंवा तेथे बोट ठेवावे. दांडी व वाटी यांच्यातील उभी हालचाल अशा रीतीने कळते. जॅक सांगाड्याखाली लावून चाक हलवून पाहणे ही नेहमी आढळणारी चूक होय. त्या स्थितीत स्प्रिंग सांध्याला ताणून धरते आणि बराच झिजलेला सांधाही घट्ट भासतो. स्प्रिंग वरच्या बाहूवर असल्यास मात्र वरचा बाहू व सांगाडा यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घालून गाडी सांगाड्याखालीच उचलावी लागते.

अनुगामी सांध्याची परीक्षा चाकाचा माथा व तळ दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून करतात. हालचाल आढळल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर ती नाहीशी झाली, तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो. तशीच राहिली, तर सांध्याचा किंवा बाहूच्या बुशचा असतो. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलविल्यास जाणवणारा ढिलेपणा सामान्यतः सुकाणूच्या दांड्यांच्या टोकांचा असतो. सांध्यात किती हालचाल चालू शकते हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते व ते गाडीपरत्वे बदलते. काही सांध्यांत हाताला जाणवणारी कोणतीही हालचाल त्याज्य मानतात. काही भारवाही सांध्यांच्या तळाशी झीजदर्शक कडे असते. ते मात्र चाके जमिनीवर टेकलेली असताना पाहावयाचे असते. कडे तळाच्या पातळीत आले किंवा आत गेले, तर सांधा बदलावा. टोपी फाटलेली असेल, तर हालचाल नसली तरी सांधा संशयास्पद समजावा. फाटलेल्या टोपीवर नवी टोपी चढविल्याने आत गेलेली धूळ बाहेर येत नाही.

निवड : नवा सांधा बाहेरून जुन्यासारखा दिसतो एवढ्यावरून घेऊ नये. गाडीचा नमुना, चॅसिस क्रमांक व सांध्याचे स्थान सांगून निर्मात्याच्या भाग-क्रमांकाशी तो जुळवावा. दांडीच्या निमुळतेपणाचे प्रमाण १ : १० किंवा १ : ८ असे वेगवेगळे असते व हा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही. जुळत नसलेली दांडी भोकात एकाच कडेवर टेकते, नट आवळूनही डुलत राहते आणि अखेर मुळाशी तुटते. भोकाला पातळ निळा रंग लावून दांडी बसवून काढल्यास रंग दांडीवर सर्वत्र सारखा उमटला पाहिजे. भोकच अंडाकृती झाले असेल, तर नवा सांधा बसवून उपयोग होत नाही. नकल किंवा बाहू बदलावा लागतो.

नवा सांधा हाताने सर्व दिशांना हलवून पाहावा. त्याची हालचाल जड व एकसारखी असावी. तो सैल, अडखळणारा किंवा खरखरीत लागल्यास घेऊ नये. टोपीचे रबर मऊ, बिनभेगांचे व दोन्ही कडांना कड्यांनी नीट बसलेले असावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मालातील रबर कडक होते, म्हणून निर्मितीची तारीख पाहणे हिताचे असते. नियमित ग्रीस भरण्याची सोय व सवय असेल, तर धुळीच्या व पाण्याच्या प्रदेशात निपल असलेला सांधा चांगला, कारण प्रत्येक वेळी नवे ग्रीस जुन्याला व त्यातील घाणीला बाहेर ढकलते. ही सवय नसेल, तर चांगल्या निर्मात्याचा कायम बंद सांधाच अधिक टिकतो. कोरडे निपल कोणाचेही रक्षण करीत नाही. नामांकित वेष्टनात नकली मालही विकला जात असल्याने अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करणे इष्ट असते. एका बाजूचा भारवाही सांधा झिजला असल्यास दुसऱ्या बाजूचा तितकाच वापरलेला असतो, म्हणून ते सामान्यतः जोडीने बदलतात. काही गाड्यांत सांधा बाहूशी एकजीव असतो. तेथे संपूर्ण बाहू बदलावा लागतो.

बदलण्याची रीत : या कामातील मुख्य धोका स्प्रिंगच्या साठलेल्या जोराचा आहे. खालच्या बाहूला भक्कम आधार दिल्याशिवाय दांडीचा नट पूर्ण काढू नये. बाहू एकदम खाली झटकून गंभीर इजा होऊ शकते. निमुळता सांधा सोडविण्यासाठी पुलर वापरावा किंवा दांडीच्या भोकाभोवतालच्या भागावर बाजूने हातोडा मारावा. आट्यांवर घाव घालू नये. दुभंगी पाचरीने टोपी फाटते. म्हणून सांधा पुन्हा वापरावयाचा असल्यास ती टाळावी. कारखान्यात रिव्हेटने बसविलेला सांधा काढल्यावर नवा सांधा त्याबरोबर मिळणाऱ्या उच्च बलाच्या बोल्टांनीच बसवावा. दाबून बसवावयाचा सांधा प्रेसने सरळ रेषेत बसवावा. तो सैल जात असल्यास वितळजोड न देता बाहू बदलावा. नट पुस्तिकेत दिलेल्या पिळापर्यंत टॉर्क पान्याने आवळावा. स्प्लिट पिनचे भोक खाचेशी जुळत नसेल, तर नट सैल न करता पुढे आवळून जुळवावा आणि पिन नेहमी नवी घालावी. कामानंतर पुढील चाकांचे अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते. अन्यथा नवे टायर अल्पावधीत झिजतात.

निगा : ग्रीस भरण्यापूर्वी निपल पुसून स्वच्छ करावे, नाहीतर तोंडावरची धूळच आत ढकलली जाते. भारवाही सांध्यावरील वजन जॅकने कमी करून ग्रीस भरल्यास ते गोलाच्या सर्व बाजूंना पोहोचते. उच्च दाब सहन करणारे लिथियम साबणयुक्त क्र. २ चे ग्रीस सामान्यतः योग्य असते. टोपी किंचित फुगेपर्यंतच ग्रीस हाताने सावकाश भरावे. ग्रीस गनचा जोर अधिक झाल्यास टोपी फाटते किंवा कडेतून निसटते. पुस्तिकेतील कालमर्यादा चांगल्या रस्त्यांसाठी असते. ओढ्या-नाल्यांतून, शेतरस्त्यांवरून व घाटांतून फिरणाऱ्या गाडीसाठी ती कमी करावी आणि पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर व पुराच्या पाण्यातून गेल्यावर टोप्या आवर्जून पाहाव्यात. टायर बदलताना किंवा ब्रेकचे काम करताना चाक काढलेलेच असते. त्या वेळी टोपीवरून बोट फिरविण्यास वेगळा खर्च येत नाही.

मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ते गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतन करावयाचे असते. तथापि फाटलेल्या टोपीचा सांधा दोन तपासण्यांमधील काळातच निकामी होऊ शकतो. एका सांध्याची किंमत गाडीत भरलेल्या मालाच्या मानाने अल्प असते आणि त्याच्यावर त्या मालाखेरीज चालकाचा, सोबत्याचा व समोरून येणाऱ्याचाही जीव विसंबून असतो. योग्य निवड, बंद टोपी, वेळेवर ग्रीस आणि भारवाही सांध्याचा भार काढून केलेली परीक्षा या चार गोष्टी पाळल्यास जुनी पिकअप गाडीही दीर्घकाळ सुरक्षितपणे वापरता येते.